धान, धंदा आणि धम्म

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला तो असा की, सेंद्रिय अन्नाचा व्यवसाय वाढवायचा आणि शीलही सांभाळायचे, हे कसे जमावे? विषय मोठा आहे आणि बोलणारा राईस मिलमधला कामगार आहे. आम्ही जे वाचले ते या विहाराच्या कपाटातले, आणि जे पाहिले ते मिलच्या पट्ट्याजवळ उभे राहून. तेवढ्या शिदोरीवर बोलतो. काही कडू वाटले तर कार्यक्रम झाल्यावर चहा पिताना सांगा, आम्ही ऐकून घेऊ.

विहारातल्या आठ-दहा घरांनी मिळून तांदूळ, जवस, लाखोळीची डाळ आणि मोहाचे लाडू विकायला सुरुवात केली, हे तुम्ही जाणताच. तुमच्यापैकी बरेच जण आपले गिऱ्हाईक आहेत, काही उधारीवालेही आहेत. (हशा.) यंदा एक गोष्ट घडली, म्हणून आज हा विषय निघाला. शहरातून एक व्यापारी आला. त्याने माल पाहिला, भात शिजवून खाल्ला, खूश झाला. म्हणाला, "मला वर्षाला दोनशे क्विंटल पाहिजे." आपल्याकडे विकायला निघते जेमतेम चाळीस. तर तो म्हणाला, "चाळीस तुमचे, बाकीचे मी भरतो. पिशवी तुमची, नाव तुमचे. पिशवीवर तुमच्या विहाराचा फोटो छापू. लोकांचा विश्वास बसतो." आगाऊ रक्कमही द्यायला तयार. आपल्या गटात दोन घरांच्या पोरी नर्सिंगला आहेत, फी भरायची आहे. एका घरावर पतसंस्थेचे कर्ज आहे. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर गटाला द्यायचे आहे.

पहिली गोष्ट, धंदा करणे यात काही कमीपणा नाही. आपल्या समाजात अजून काही लोकांना वाटते की, दुकान टाकले म्हणजे माणूस चळवळीतून गेला. तथागतांना बोधी प्राप्त झाल्यावर ज्यांनी पहिले अन्नदान केले ते तपस्सु आणि भल्लिक हे दोघे व्यापारीच होते, गाड्या घेऊन चालले होते. अनाथपिंडिक कोण होता? श्रेष्ठी, म्हणजे व्यापारीच. आणि दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाने तथागतांना सरळ विचारले होते की, आम्ही बायकापोरांत राहणारी माणसे, आमचे या जन्मीचे भले कशाने होईल ते सांगा. त्यावर तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उद्योगात कुशल आणि मेहनती असणे, कमावलेले राखणे, चांगल्या माणसांची संगत आणि मिळकत पाहून खर्च. या चौथ्याला समजीविता म्हणतात, आणि तिथे दाखला दिला आहे तो तराजूचा. सिगाल नावाच्या तरुणाला तर मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले. एक वाटा खाण्यापिण्याला, दोन वाटे कामात परत घालायला आणि चौथा वाटा अडचणीसाठी राखून ठेवायला. आज बँकेचा मॅनेजर वेगळे काय सांगतो? आपण मात्र चारही वाटे लग्नात आणि डीजेत घालतो. असो.

पण त्याच तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, जिवांचा (म्हणजे माणसांची खरेदी-विक्रीसुद्धा), मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शेवटच्याला विसवणिज्जा म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी विष म्हणजे काय असेल ते असो. आज आपल्या जिल्ह्यात विष कुठे मिळते ते शेंबडे पोरही सांगेल. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. पाठीवर पंप घेऊन फिरणारे हे बहुतेक दुसऱ्याच्या शेतात रोजीने जाणारे लोक असतात. ज्याच्याकडे जमीन त्याचे पीक, आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या छातीत विष. म्हणून आपल्यासाठी सेंद्रिय शेती ही शहरातल्या लोकांच्या तब्येतीची हौस नाही, ती आपल्या मजुराच्या जिवाची गोष्ट आहे. कृषी केंद्र चालवणारी आपली काही पोरे आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. पोट आहे. पण औषध देताना हातमोजे, तोंडाला कापड, वाऱ्याची दिशा, एवढे तरी त्यांनी गिऱ्हाइकाला सांगावे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. सेंद्रियवाले लोक फार गोड बोलतात. जुना गाव किती छान होता, जुने अन्न किती सकस होते. बंधूंनो, आपण या बोलण्याला मान डोलावू नये. जुन्या गावात सकस अन्न होते, पण ते वाड्यात होते. आपल्या आजा-पणज्याच्या वाट्याला दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे होते. परमपूज्य बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाविषयी जे कठोर बोल काढले, ते यामुळेच. आपण विषमुक्त अन्न पिकवतो ते जुन्या गावाकडे परत जाण्यासाठी नाही. तसेच शेण-गोमूत्राचे. जीवामृताला शेण लागते, गोमूत्र लागते, गूळ आणि बेसन लागते, बांधावरची मूठभर माती लागते. ते खत म्हणून वापरा. पूजा म्हणून नको. म्हशीच्या शेणानेही धान पिकते, आम्ही पाहिले आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातला माणूस घेऊ. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. जन्म १९३९, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर झाक असलेल्या. शंभर लोक त्या बांधीतून गेले असते तर नव्व्याण्णवांनी त्या कापून पुंजण्यात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, काटेरी फांद्यांचे कुंपण करून रानडुकरांपासून राखल्या, आणि दरवर्षी चांगल्यातून चांगले निवडत पाच-सहा वर्षे काढली. दाणा बारीक, भात मऊ, उतारा चांगला. त्या काळी मनगटावर एचएमटी घड्याळ असणे ही मोठी गोष्ट होती, म्हणून बाजारात त्या धानाला एचएमटी हे नाव पडले. आज हा तांदूळ महाराष्ट्राबाहेर दुसऱ्या राज्यांतही पिकतो. आपल्या भागातल्या कोणत्याही मिलमध्ये जा, एचएमटीच्या नावाने गाड्या भरतात. दादाजी एवढ्यावर थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके असे आणखी वाण त्यांनी काढले.

१९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्याकडून बियाणे प्रयोगासाठी नेले आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, आम्ही शुद्धीकरण केले. दादाजींचे म्हणणे असे की, मूळ निवड माझी आणि माझे नाव नाही. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. २०१० साली फोर्ब्स या मासिकाने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांत त्यांचे नाव घेतले. उद्योजक! घरात पैसा नव्हता. शेवटच्या आजारपणात गडचिरोलीच्या शोधग्राममधील सर्च रुग्णालयात उपचार चालू असताना ३ जून २०१८ रोजी ते गेले.

दादाजींचे नाव आपण सभेत घेतो, टाळ्या वाजवतो. पण व्यवसाय करणाऱ्याने त्यातून काय घ्यावे? आमचा विचार असा आहे. दादाजींनी बियाणे कमी भावात दिले, कुणाला तसेच दिले. ती त्यांची दानवृत्ती होती. दान म्हणजे देणाऱ्याने समजून-उमजून दिलेले. पण ज्याने नाव घेतले नाही, वाटा दिला नाही, त्याला दादाजींनी दान दिले असे म्हणता येईल का? आपण दररोज पंचशीलात म्हणतो त्यातले दुसरे शील आठवा. न दिलेले घेऊ नये. नाव हीसुद्धा न दिलेली वस्तू असू शकते, बंधूंनो. दादाजींच्या उदारपणाला लोक साधेपणा म्हणतात आणि आपल्या घेण्याला व्यवहार म्हणतात. म्हणून साधे राहावे, पण कागदही करावा. २००१ साली देशात पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतो, आणि घरचे बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, विकणे हा त्याचा हक्क मानला आहे, फक्त ब्रँड लावून नोंदलेले बियाणे विकता येत नाही. किती जणांना हे ठाऊक आहे? म्हणून आपल्या गटाने पहिल्या वर्षापासून नियम केला की, पिशवीवर धानाचा वाण, पिकवणाऱ्याचे नाव आणि दादाजींचा वाण असेल तर दादाजींचे नाव. छपाईला थोडा खर्च जास्त येतो. तो येऊ द्या.

आता मिलची गोष्ट सांगतो, कारण इथे आमचा हात चालतो. शंभर किलो धान भरडले तर वीस-बावीस किलो तूस निघते. उरतो तो अख्खा, लालसर तांदूळ. त्याला पॉलिश मारला की सहा-आठ किलो कोंडा निघतो, थोडी कणी होते, आणि पासष्ट-सदुसष्ट किलोच्या आसपास पांढरा तांदूळ हाती येतो. जेवढा पॉलिश जास्त तेवढी चमक जास्त आणि तेवढे सत्त्व कमी. गिऱ्हाइकाला चमक पाहिजे, सत्त्व कोंड्यात गेले. १८९० च्या दशकात जावा बेटावर आयकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिले की, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या उठून चालू लागतात. माणसांतला बेरीबेरी रोग तोच. त्यातून ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९२९ साली त्याला नोबेल मिळाले. आपल्या आज्या उखळात कांडत होत्या तेव्हा त्यांना ब-१ माहीत नव्हते. त्यांना हाताचे फोड माहीत होते. म्हणून "पुन्हा उखळावर या" असे आम्ही कोणत्याही बाईला सांगणार नाही. लहान शेलर लावा, पॉलिश एक हात मारा, झाले.

पण हलक्या पॉलिशचा तांदूळ विकणे सोपे नाही, हे व्यवसायात उतरल्यावर कळते. कोंड्यात तेल असते. ते काही महिन्यांत खवट होते. पांढऱ्या तांदळापेक्षा यात सोंडे लवकर पडतात. गोदामवाले गोळ्या ठेवतात, विषारी धूर होतो, सोंडे मरतात. आपल्याला त्या गोळ्या चालत नाहीत. मग उपाय काय? तांदूळ साठवायचाच नाही. धान साठवायचे. धानाच्या अंगावर निसर्गाने चिलखत घातले आहे. शेणाने सारवलेल्या बांबूच्या ढोलीत नीट वाळवलेले धान वर्ष काढते. महिन्याला लागेल तेवढे भरडायचे आणि पिशवीवर भरडल्याची तारीख घालायची. याला भांडवल अडकते, मिलवाल्याला दर महिन्याला लहान लॉट चालवायला नको असतो, तो कुरकुर करतो. हे सगळे खरे आहे. तरीही आम्हांला दुसरा मार्ग दिसत नाही. मोठा व्यापारी हे करत नाही, कारण त्याला एकदम गाडी भरायची असते. लहानपणाचा हा आपला फायदा आहे, तो गमावू नका.

आणखी एक. आपला माल विकण्यासाठी लोकांना घाबरवायचे नाही. मागे आपल्याच मोहल्ल्यात हूल उठली होती की, रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. ते प्लास्टिक नाही. सरकार तेव्हा रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातलेले दाणे मिसळत होते. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, थोडे वेगळे दिसतात आणि पाण्यावर तरंगतात, म्हणून शंका येते. आपल्या एका पोराने तेव्हा सुचवले, "काका, हे लोकांना सांगू नका, आपला तांदूळ खपते." आम्ही त्याला विचारले, "काहून बापा, मुसावादा वेरमणी फक्त विहारातच म्हणायचे का?" पोरगा हुशार आहे, समजला. तसेच आपल्या तांदळाने शुगर बरी होते, कॅन्सर पळतो, असे काही पिशवीवर लिहायचे नाही. भात आहे, औषध नाही. लाखोळीचेही तसेच. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली, कारण दुष्काळात नुसती लाखोळी खाऊन राहणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडत. महाराष्ट्रात ही बंदी २००८ साली उठली. काही लोक ती चण्याच्या बेसनात, तुरीच्या डाळीत मिसळून विकतात. आपण लाखोळी ही लाखोळी म्हणूनच विकतो, आणि रोज दोन वेळा हीच खाऊ नका, असे तोंडाने सांगतो. असे सांगणारा दुकानदार पाहून नवीन गिऱ्हाईक चक्रावते. पण परत येते.

आता सेंद्रिय आहे हे ठरवणार कोण? धानाची शेती म्हणजे पाण्याची शेती. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. वरच्याने युरिया टाकला, औषध मारले की ते तुमच्याकडे येते. कपाशीवाला एकटा सेंद्रिय होऊ शकेल, धानवाल्याला शेजारी बरोबर घ्यावा लागतो. आणि आपल्या लोकांची शेते बहुधा टोकाला, मालगुजारी तलावाचे पाणी शेवटी पोहोचते तिथे. शिवाय आपल्यातले अर्धे लोक मक्त्याने किंवा बटईने शेती करतात. जमीन सुधारायला तीन वर्षे लागतात, आणि दोन वर्षांनी मालक म्हणतो, पुढच्या साली दुसऱ्याला दिली. तुम्ही माती तयार केली, पीक तो घेणार. त्यामुळे मक्ता करताना निदान पाच वर्षांचा कागद करा, असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो.

सरकारने पीजीएस-इंडिया नावाची पद्धत काढली आहे. परदेशात माल पाठवायचा असेल तर मोठ्या खर्चाचे प्रमाणपत्र लागते. इथल्या बाजारासाठी मात्र निदान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करायची, शपथ घ्यायची, नोंदी ठेवायच्या. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला वाटले, हे तर चोराने चोराला साक्ष देणे झाले. मग वर्षावास संपताना भन्तेजींनी पवारणेविषयी प्रवचन दिले. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून म्हणतो की, माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर मला सांगा. लहान मोठ्याला सांगू शकतो. म्हणजे अडीच हजार वर्षे संघ एकमेकांच्या तपासणीवरच टिकला आहे. फरक एवढाच की, तिथे तपासून घेणारा स्वतःहून पुढे येतो. आपल्या गटात हे आले तर सरकारी कागद हा वरचा शिक्का. नाही आले तर कागदाला अर्थ नाही. मागच्या हंगामात एका भाऊच्या बांधीवर करपा आला आणि त्याने एकदा औषध मारले. त्याने स्वतः येऊन सांगितले. त्याचे धान वेगळे भरडून साधा तांदूळ म्हणून बाजारात विकले, भाव कमी आला. पण त्याला कोणी गटातून काढले नाही. काढले असते तर पुढच्या वेळी कोणी सांगितले नसते.

जंगलाच्या मालाविषयी थोडे. मोहफूल हे अन्नही आहे आणि दारूही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. दारू गाळणारा मोहाला जास्त भाव देतो, रोख देतो, घरी येऊन देतो. महिला मंडळाने निक्षून सांगितले की, त्याला एक किलोही द्यायचे नाही. पाच वर्ज्य व्यापारांतला मद्याचा व्यापार असा दारात येतो, नाव बदलून. आदिवासी बांधवांच्या पूजेत, सणात मोहाची दारू असते. ते त्यांचे आहे, त्यावर आपण न्यायाधीश होऊन बसू नये. आपण आपल्यापुरते ठरवले. लाडू कमी खपतात, हेही खरे.

या बाबतीत आपल्याच भागातल्या दोन गावांकडून शिकण्यासारखे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू विक्रीचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती दिला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एक जण नाही म्हणाला तर पुन्हा बसतात. दुसरे गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. २०१२ मध्ये हक्क मिळाला. बांबू विकून गावात रोजगार आला. पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असे गावाने ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटतात, जंगलाला आगी लावतात. हातात येणारा रोख पैसा त्यांनी सोडला. वज्जींच्या लोकांविषयी तथागतांनी सांगितले होते की, ते जोवर वारंवार एकत्र बसतील, एकोप्याने बसतील, एकोप्याने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही. आम्हांला वज्जी पाहायला मिळाले नाहीत, पण पाचगाव बसने जाऊन पाहता येते.

कोणी म्हणेल, एकदम सगळे सेंद्रिय करून टाका. श्रीलंकेने ते केले. २०२१ साली तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. धानाचे पीक घटले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, शेतकरी रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. आपल्या बौद्ध देशाचे हे उदाहरण आहे, म्हणून दुःखाने सांगतो. मध्यम मार्ग फक्त ध्यानासाठी सांगितलेला नाही. ज्याची दोन एकर आहे त्याने आधी अर्धा एकर करावा. उरलेल्यात पोट भरावे.

आता त्या व्यापाऱ्याकडे येऊ. हिशेब सरळ आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. त्याच धानाचा हलक्या पॉलिशचा तांदूळ करून, पिशवीत भरून विकला तर खर्च वजा जाता हातात जास्त उरते, यात शंका नाही. व्यापाऱ्याबरोबर गेलो तर एका वर्षात कर्ज फिटेल, पोरींची फी भरेल. दोनशेतले एकशे साठ क्विंटल कुठले ते आपल्याला कधीच कळणार नाही. पिशवीवर विहार असेल. दादाजींचे नाव कोणी न विचारता वापरले याचा आपल्याला राग येतो ना? मग ज्या शेतकऱ्याचे धान आपण पाहिले नाही, ज्याला पिशवीवर जागा नाही, त्याच्या मालावर आपले नाव लावायचे, हे काय झाले? आणि विहाराचा फोटो तर गटाच्या मालकीचाच नाही. तो या मोहल्ल्याचा आहे. आपल्या बाया-माणसांनी एक-एक रुपया जमवून ही वास्तू उभी केली.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. व्यापाऱ्याला सांगावे की, चाळीस घे, आमच्या अटीवर घे, शेतकऱ्याच्या नावासकट. पटत नसेल तर जयभीम. वाढायचे तर नागभीड, सिंदेवाही, सावलीकडच्या आपल्या नातेवाइकांच्या गावांतून, दरवर्षी एकेक गट जोडत. त्यात आदिवासी, कुणबी, तेली जो कोणी येईल त्याला बरोबर घ्यायचे. पाणी एकाच तलावाचे आहे. दुसरे, जेवढा माल होईल त्याचा एक हिस्सा आधी मोहल्ल्यात, बाहेरपेक्षा कमी भावात. आपल्या शेजारणीने रेशनचे खावे आणि नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आपले खावे, हे आम्हांला पटत नाही. तिसरे, ज्या दोन घरांना आत्ता फी भरायची आहे त्यांच्यासाठी गटाच्या राखीव वाट्यातून, तो चौथा वाटा, बिनव्याजी रक्कम द्यावी. नाहीतर तत्त्व आपण सांभाळायचे आणि किंमत त्या पोरींनी मोजायची, असे होईल.

हे आमचे मत झाले. गटातल्या दोघांचे मत वेगळे आहे, ते दोघे इथे बसले आहेत आणि आम्ही त्यांचा आदर करतो. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर गटाची बैठक आहे. ज्यांनी आपल्याकडून एकदाही तांदूळ घेतला आहे, त्या सगळ्यांना यायचे आहे. हिशेबाची वही मध्यभागी ठेवलेली असेल, ज्याला पाहायची त्याने पाहावी. व्यापाऱ्याला त्यानंतर आठ दिवसांत उत्तर द्यायचे आहे. आणि उधारीवाल्यांनीही यावे, त्यांच्याकडे कोणी पाहून हसणार नाही.